पीट पॉसलथ्वेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही. कोण हा?

ब्रिटिश चरित्र अभिनेता. 'इन्सेप्शन'मध्ये मृत्युशय्येवर पडलेला किलियन मर्फीचा अब्जाधीश बाप आठवतो? किंवा 'जुरासिक पार्क'च्या दुसऱ्या भागातला, डायनोसॉरची शिकार करायला आलेला गोटा केलेला शिकारी? 'द युज्वल सस्पेक्ट्स'मधला थंड डोक्याचा वकील? तिन्ही ठिकाणी पीट पॉसलथ्वेटच आहे. वर आलेली गालाची हाडं, खडबडीत कातडी, मोठं नाक आणि त्या सगळ्यावर मात करणारे डोळे. एकदा पाहिलेला हा चेहरा विसरत नाही. नाव मात्र बहुतेकांना तो गेल्यावर कळलं.

आडनाव कसं उच्चारायचं?

'पॉसलथ्वेट'. स्पेलिंगमध्ये 'एस'नंतर एक 'टी' आहे, त्याकडे दुर्लक्ष करायचं. सुरुवातीच्या काळात नाव बदलण्याचा सल्ला त्याला मिळाला होता आणि त्याने तो मानला नाही. एवढं लांब नाव थिएटरबाहेर दिव्यांत झळकवायचं तर विजेचं बिल कोण भरणार, हा त्याचा आवडता विनोद.

जन्म कुठला? घरात कोणी नट होतं का?

कोणीच नाही. ७ फेब्रुवारी १९४६ला वॉरिंग्टनमध्ये जन्म. लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या मधोमध असलेलं हे कारखान्यांचं गाव तेव्हा लँकशायरमध्ये होतं, आता चेशायरमध्ये मोडतं. घर कामगाराचं आणि रोमन कॅथलिक. वडील लाकडी पिंपं बनवायचे, पुढे शाळेत केअरटेकर झाले. चार भावंडांत पीट शेंडेफळ. लहानपणी त्याच्या मनात पाद्री व्हायचं होतं. तसं घडलं नाही, पण कॅथलिक घरातली शिस्त, अपराधभाव आणि प्रार्थनेची लय पुढे त्याच्या भूमिकांमध्ये पुन्हा पुन्हा डोकावते. १९९६च्या 'रोमिओ + ज्युलिएट'मध्ये फादर लॉरेन्स करताना तर झगा चढलाच.

तो आधी शिक्षक होता हे खरं का?

खरं आहे. ट्विकनहॅमच्या सेंट मेरीज कॉलेजमधून शिक्षक होऊन तो बाहेर पडला आणि मँचेस्टरमधल्या एका कॅथलिक मुलींच्या शाळेत नाटक आणि पीटी शिकवू लागला. पगार ठीक, नोकरी पक्की. त्या काळातल्या कामगार कुटुंबाच्या दृष्टीने मुलगा मार्गी लागला होता. ती नोकरी सोडून चोविशीच्या सुमारास तो ब्रिस्टल ओल्ड व्हिक थिएटर स्कूलमध्ये शिकायला गेला.

लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरचा उल्लेख सारखा का येतो?

कारण तो घडला तिथे. १९६४मध्ये सुरू झालेलं हे थिएटर सत्तरच्या दशकात भलतंच जोमात होतं. त्या काळात तिथे काम करणाऱ्यांची नावं बघा: ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस, अँटनी शेर. लेखकांमध्ये अ‍ॅलन ब्लीझडेल आणि विली रसेल. तेव्हा यातलं कोणीही प्रसिद्ध नव्हतं. एव्हरीमनची एक तुकडी नाटकं व्हॅनमध्ये घालून पबमध्ये न्यायची, ज्युली आणि पीट दोघंही त्या तुकडीत होते. समोरचा माणूस बिअर प्यायला आलाय, नाटक बघायला नाही. तो कंटाळला तर सरळ पाठ फिरवून बोलायला लागतो. अशा प्रेक्षकाला धरून ठेवायचं तर आवाज आणि शरीर दोन्ही सतत जागं लागतं. पीटच्या कामात पुढे जी 'बघायलाच लागतं' अशी पकड दिसते, ती मला तरी या पबांमधूनच आलेली वाटते.

ज्युली वॉल्टर्स आणि त्याचं त्या काळात प्रेमप्रकरणही होतं. ते टिकलं नाही, इतकं पुरे.

ऐंशीच्या दशकात तो रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेला. आदर मिळाला, रस्त्यात कोणी ओळखत मात्र नव्हतं.

सिनेमात इतका उशीर का झाला?

'उशीर' म्हणणं थोडं अन्यायाचं आहे, कारण १९७७च्या 'द ड्युएलिस्ट्स'मध्येही तो क्षणभर दिसतो. पण नाव व्हायला चाळिशी उलटावी लागली हे खरं. त्या चेहऱ्याला विशीत काही मागणी नव्हती. असा चेहरा वयानेच वाजवी होतो. त्याच्या हिरो मित्रांचं चाळिशीनंतर काम कमी झालं असेल, याचं सुरू झालं.

कुठल्या सिनेमाने त्याला उभं केलं?

१९८८चा 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज'. दिग्दर्शक टेरेन्स डेव्हिस याने लिव्हरपूलमधल्या आपल्याच घरावर बेतलेला. चाळीस-पन्नासच्या दशकातलं कॅथलिक कामगार कुटुंब आणि त्याच्या मध्यभागी एक बाप, ज्याच्या पावलांच्या आवाजाने घर गप्प होतं. ही भूमिका पीटची.

या सिनेमातलं नाताळचं दृश्य जरूर बघावं. रात्री तो झोपलेल्या मुलांच्या पलंगाशी भेटवस्तू ठेवतो, चेहऱ्यावर इतकी माया की आपण फसतो. नंतर नाताळच्या जेवणाला सगळे टेबलाभोवती बसलेत. तो अचानक टेबलक्लॉथ ओढून सगळं जेवण खाली पाडतो आणि बायकोवर ओरडतो, हे आवर म्हणून. का, ते सांगितलेलं नाही. पीटने त्या माणसाला कुठलंही कारण दिलेलं नाही, दया यावी म्हणून एखादा मऊ क्षण चोरून घातलेला नाही, आणि राक्षसही केलेलं नाही. अशा बापाची मुलं त्याचा द्वेषही करतात आणि त्याच्या अंत्यविधीला रडतातही. ही गुंतागुंत त्या एका चेहऱ्यावर पेललेली आहे.

आणि ऑस्कर?

मिळालं नाही, नामांकन मिळालं. १९९३चा जिम शेरिडनचा 'इन द नेम ऑफ द फादर', भूमिका जुझेप्पे कॉनलनची. सहाय्यक अभिनेत्याचं पारितोषिक त्या वर्षी 'द फ्युजिटिव्ह'साठी टॉमी ली जोन्सला गेलं. सिनेमाला एकूण सात नामांकनं होती, हाती एकही लागलं नाही.

पण हा सिनेमा आधीच्याच्या लगेच पाठोपाठ बघाच. तिथेही कॅथलिक कामगार बाप, इथेही. तोच चेहरा, तीच हाडं. तिथे घर त्याला घाबरतं, इथे मुलगा त्याची लाज बाळगतो. जुझेप्पे बेलफास्टचा, छातीच्या दुखण्याने खंगलेला, भिडस्त, देवभोळा. बॉम्बस्फोटाच्या खोट्या आरोपात अडकलेल्या मुलाला वकील मिळवून द्यायला लंडनला येतो आणि स्वतःच तुरुंगात जातो. डॅनियल डे-लुईस मुलाच्या भूमिकेत भिंतींवर डोकं आपटतो, किंचाळतो. पीट समोर बसून हळू आवाजात बोलतो आणि दृश्य त्याच्याकडे झुकतं. डे-लुईससमोर हे करणं सोपं नाही. दोघंही ब्रिस्टलच्या त्याच शाळेत शिकलेले, आणि 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स'मध्ये आधी एकत्र आलेले.

जुझेप्पे तुरुंगात मरतो त्या रात्री कैदी खिडक्यांतून पेटलेले कागद खाली सोडतात. त्या दृश्यात पीट नाहीच. तरी ते त्याचंच आहे.

त्या सिनेमातलं सगळं खरं घडलं होतं का?

गाभा खरा, मांडणी बदललेली. ५ ऑक्टोबर १९७४ला इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या पबांमध्ये बॉम्बस्फोट झाले, पाच माणसं गेली. जुझेप्पेच्या मुलासह चार निरपराध तरुणांना जन्मठेप झाली. जुझेप्पेला वेगळ्या खटल्यात, स्फोटकं हाताळल्याच्या आरोपावरून शिक्षा झाली आणि जानेवारी १९८०मध्ये तो कैदेत असतानाच वारला. चौघं १९८९मध्ये सुटले. जुझेप्पेवरचा ठपका पुसला गेला १९९१मध्ये, म्हणजे तो जाऊन अकरा वर्षं झाल्यावर.

सिनेमात बाप-लेक एकाच कोठडीत राहतात. प्रत्यक्षात तसं नव्हतं. एकत्र खटलाही नव्हता. यावर तेव्हा टीका झाली आणि ती वाजवीच होती, विशेषतः ज्या सिनेमाचा विषयच खोटा पुरावा आहे त्याच्याबाबतीत. पण ती कोठडी नसती तर पीट आणि डे-लुईसची ती दृश्यंही नसती. प्रेक्षक म्हणून मी ही तडजोड स्वीकारतो.

'द युज्वल सस्पेक्ट्स'मधला कोबायाशी नक्की कुठला?

हा प्रश्न भारतीय प्रेक्षक जास्त विचारतात, आणि का ते उघड आहे. नाव जपानी, कातडी सावळी केलेली, आणि बोलण्याची ढब थेट आपल्या उपखंडातली वाटते. पहिल्यांदा बघताना मेळ बसत नाही. शेवट बघितल्यावर तो मेळ न बसणं किती शहाणपणाचं आहे हे कळतं. ज्यांनी अजून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी याहून जास्त बोलत नाही. गोऱ्या नटाने रंग लावून असं काम करणं आज कोणी चालवून घेणार नाही, हेही खरं. १९९५मध्ये फारसं कोणी विचारलं नव्हतं.

त्याने केलेला सर्वांत दुष्ट माणूस कोणता?

सार्जंट ओबडाया हेक्सविल. बर्नार्ड कॉर्नवेलच्या कादंबऱ्यांवरच्या 'शार्प' या टीव्ही मालिकेत, १९९४मध्ये. लहानपणी फाशी देऊनही न मेलेला, टोपीत तोंड घालून आईशी बोलणारा, चेहऱ्याला झटके येणारा सैनिक. शॉन बीन नायक शार्प असूनही त्या भागांमध्ये डोळे हेक्सविलला शोधत राहतात. इथे पीट जरा हात सैल सोडून खेळलाय, आणि मजा येते.

मराठी वाचकांसाठी एक आडवाट. मालिकेतला हेक्सविल स्पेनमधल्या युद्धात आहे. पण १९९७ ते १९९९ या काळात कॉर्नवेलने शार्पच्या तरुणपणाच्या कादंबऱ्या लिहिल्या त्या भारतातल्या. त्यातल्या दोन सरळ आपल्या भूमीवर घडतात: एक २३ सप्टेंबर १८०३च्या असईच्या लढाईत, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, आणि दुसरी त्याच वर्षीच्या डिसेंबरात चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर. दोन्हीत हेक्सविल आहेच. ज्यांनी मालिका आधी पाहिली त्यांना असईच्या रणांगणावर पीटचाच चेहरा दिसतो, त्याला इलाज नाही. २००६मध्ये शार्प टीव्हीवर भारतात आला तेव्हा मात्र त्यात हेक्सविल नव्हता.

'ब्रास्ड ऑफ' इतका लाडका का आहे?

कारण तो हसवतो आणि मग काही न सांगता पोटात गुद्दा मारतो. यॉर्कशायरमधलं काल्पनिक गाव ग्रिमली, बंद पडू घातलेली कोळसा खाण आणि खाण कामगारांचा ब्रास बँड. पीट बँडमास्तर डॅनी. खाणीतल्या धुळीने फुप्फुसं गेलेली, पण त्याला खाणीपेक्षा स्पर्धेची काळजी.

कथेमागचं वास्तव असं: ऑक्टोबर १९९२मध्ये ब्रिटिश सरकारने एकतीस खाणी बंद करण्याचं जाहीर केलं. त्यात ग्रिमथॉर्प होती. त्याच महिन्यात ग्रिमथॉर्प कोलिअरी बँडने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९९३मध्ये खाण बंद झाली. सिनेमातलं वादन त्याच बँडचं आहे.

डॅनी दवाखान्यात असताना बँडवाले रात्री बाहेर उभे राहून हेल्मेटच्या दिव्यांच्या उजेडात त्याच्यासाठी वाजवतात. शेवटी अल्बर्ट हॉलमध्ये डॅनी भाषण करतो. मला वाटायचं संगीत महत्त्वाचं आहे, पण माणसांइतकं नाही, असा त्याचा आशय. सील आणि देवमाशांसाठी लोक पेटून उठतात, मग या माणसांसाठी का नाही, असं तो विचारतो. कागदावर हे भाषण प्रचारकी आहे. पीट ते श्वास अपुरा पडणाऱ्या म्हाताऱ्यासारखं म्हणतो, मधे दम घेत, स्वतःच्याच बोलण्याने जरा ओशाळून. त्यामुळे ते तरतं. चंबावाम्बा या बँडच्या 'टबथम्पिंग' गाण्याच्या अल्बममधल्या आवृत्तीची सुरुवात याच भाषणाच्या तुकड्याने होते, म्हणजे कित्येकांनी सिनेमा न बघताही पीटचा आवाज ऐकलेला आहे.

स्पीलबर्गने त्याला 'जगातला सर्वोत्तम नट' म्हटलं होतं ना?

हो. १९९७मध्ये दोघांनी लागोपाठ दोन सिनेमे केले: 'द लॉस्ट वर्ल्ड' आणि 'अमिस्टाड'. या कौतुकावर पीटचं उत्तर ठरलेलं होतं: स्पीलबर्ग बहुधा 'पीटला वाटतं की तो जगातला सर्वोत्तम नट आहे' असं म्हणाला असावा.

'द लॉस्ट वर्ल्ड' सिनेमा म्हणून यथातथाच. पण त्यातला रोलंड टेम्बो हा शिकारी बघा. त्याचा जुना साथीदार अजय सिधू नावाचा भारतीय शिकारी आहे, तो मरतो. टी-रेक्स हाती लागल्यावर टेम्बोच्या चेहऱ्यावर विजय नाहीच, नुसता थकवा आहे. डायनोसॉरच्या गर्दीत हे करायला त्याला कोणी सांगितलं नसणार.

मोठे सिनेमे मिळाल्यावर नाटक सोडलं का?

उलट. 'स्कॅरामूश जोन्स' हा एकपात्री प्रयोग त्याने देशोदेशी नेला. ३१ डिसेंबर १९९९च्या रात्री शंभर वर्षांचा विदूषक पन्नास वर्षांचं मौन सोडून आपली कहाणी सांगतो, असा तो खेळ. जस्टिन बुचरचं लेखन, रुपर्ट गूल्डचं दिग्दर्शन.

मग २००८. लिव्हरपूल त्या वर्षी युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, आणि पीट 'किंग लिअर' करायला एव्हरीमनमध्ये परत गेला. दिग्दर्शक पुन्हा गूल्ड. लिव्हरपूलमध्ये समीक्षकांची मतं दुभंगली. दिग्दर्शकाच्या आधुनिक क्लृप्त्या कित्येकांना खटकल्या, पीटचं काम मात्र वाखाणलं गेलं. पुढे २००९मध्ये लंडनच्या यंग व्हिकमध्ये प्रयोग झाला. 'नटसम्राट'मुळे आपल्याला लिअरची सावली ओळखीची आहे: सगळं वाटून टाकून उघड्यावर आलेला बाप. टेरेन्स डेव्हिसचा क्रूर बाप आणि शेरिडनचा सोसणारा बाप, हे दोन्ही ज्याने आधी केलेत त्याने लिअर करणं यात मला योगायोग दिसत नाही. लिअरमध्ये दोघंही आहेत.

सरकारी सन्मान परत करण्याची धमकी दिली होती, ती काय भानगड?

२००४च्या नववर्ष यादीत त्याला ओबीई मिळालं. २००९मध्ये 'द एज ऑफ स्टुपिड' हा हवामान बदलावरचा फ्रॅनी आर्मस्ट्राँगचा सिनेमा आला. त्यात पीट २०५५ सालातला, उजाड झालेल्या जगातला एकटा अभिलेखपाल आहे. जुनी चित्रणं चाळत तो विचारतो की संधी होती तेव्हा आपण स्वतःला का वाचवलं नाही. ती चित्रणं खऱ्या माणसांची आहेत, आणि त्यातला एक मुंबईचा: स्वस्त विमानसेवा सुरू करणारा 'गोएअर'चा जेह वाडिया. सर्वसामान्य भारतीयाला विमानात बसवायचं हे त्याचं स्वप्न सिनेमात पृथ्वीच्या हिशेबासमोर ठेवलंय. इथे मी सिनेमाशी पूर्ण सहमत नाही. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याकडे बोट दाखवणं लंडनमधून जरा सोपं पडतं.

प्रीमिअरच्या वेळी पीटने तेव्हाचे ब्रिटनचे ऊर्जा आणि हवामान बदल मंत्री एड मिलिबँड यांना सुनावलं: केंटमधल्या किंग्जनॉर्थच्या नव्या कोळसा वीजकेंद्राला मंजुरी दिलीत तर ओबीई परत करीन. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात कंपनीने मंदीचं कारण देऊन तो प्रकल्प लांबणीवर टाकला, आणि पुढे तो बारगळला. ओबीई घरातच राहिलं.

खाण कामगारांची बाजू घेणारा डॅनी आणि कोळशाविरुद्ध उभा राहणारा पीट, हे जुळतं कसं?

मला अडचण दिसत नाही. डॅनीचा राग कोळसा गेला म्हणून नव्हताच. माणसांना वाऱ्यावर सोडलं म्हणून होता.

घरचं आयुष्य?

वेल्सच्या सीमेजवळ, श्रॉपशायरमध्ये बिशप्स कॅसल या छोट्या गावाजवळ राहायचा. बायको जॅकलिन, एक मुलगा, एक मुलगी. लग्न २००३मध्ये केलं, मुलं बरीच आधीची. हॉलिवूडला राहायला गेला नाही. कामापुरता जायचा आणि घरी यायचा.

मृत्यू कशाने झाला?

१९९०मध्ये अंडकोशाच्या कर्करोगातून तो वाचला होता. म्हणजे आपण ज्याला 'त्याचा काळ' म्हणतो तो जवळपास सगळा या आजारानंतरचा आहे. पुढे स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. २ जानेवारी २०११ला श्रूजबरीच्या रुग्णालयात तो गेला, वय ६४.

शेवटच्या वर्षात काम थांबलेलं नव्हतं. २०१०मध्येच त्याचे 'क्लॅश ऑफ द टायटन्स', 'इन्सेप्शन' आणि 'द टाऊन' आले. 'द टाऊन'मध्ये तो फुलांच्या दुकानाआड गुन्हेगारी टोळी चालवणारा म्हातारा आहे. काटे छाटता छाटता बेन अ‍ॅफ्लेकला धमकी देतो, आवाज जराही न चढवता. त्यासाठी मरणोत्तर बाफ्टा नामांकन मिळालं. 'किलिंग बोनो' हा शेवटचा सिनेमा. त्यात त्याची प्रकृती बघून भूमिका वेगळी लिहिली गेली. 'अ स्पेक्टॅकल ऑफ डस्ट' हे आत्मचरित्र २०११मध्येच, तो गेल्यानंतर आलं.

बघायला सुरुवात कुठून करू?

'ब्रास्ड ऑफ'पासून करा, सबटायटल लावून. यॉर्कशायरची बोली इंग्रजी शिकलेल्यांनाही झेपत नाही. मग 'इन द नेम ऑफ द फादर'. त्यानंतर धीर गोळा करून 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज', तो एकट्याने आणि फोन बाजूला ठेवून बघायचा सिनेमा आहे. 'शार्प'चे हेक्सविलचे दोनच भाग बघितले तरी पुरे, आधीची गोष्ट माहीत नसली तरी अडत नाही. आणि 'इन्सेप्शन' पुन्हा लावलात तर त्या तिजोरीच्या खोलीत पलंगावरच्या बापाकडे लक्ष ठेवा. धड बोलवतही नाही त्याला, चार शब्द कसेबसे सुटतात, आणि अख्ख्या सिनेमाचा बेत त्यांच्यावर टांगलेला आहे.